जिताड्याची पेंड

चार पुस्तकं वाचली की मला शहाणपण चढतं. तळ्याचं वाटोळं त्यातूनच झालं.

न्हावा शेव्याची नोकरी सोडून मी चौलला आमच्या वाडीत परतले आणि पोफळींमागच्या तळ्यात जिताडे सोडले. जिताडा आमच्याकडचा मानाचा मासा, पण पक्का मांसाहारी. त्याच्यासाठी रेवदंड्याची एक कोळीण मावशी बाजारात जाताना रोज बारीक मासळी देऊन जायची. मग मी मत्स्यशेतीच्या शिबिराला गेले. समुद्रातली बारीक मासळी उपसून तळ्यातल्या माशांना घालू नका, सोयाबीन, शेंगदाण्याची पेंड, किड्यांच्या सुकवलेल्या अळ्यांची पूड द्या, असं तिथे सांगितलं. लसूण, हळद, शेवग्याचा पाला घातला तर माशांची तब्येतही राहते म्हणे. सवय हळूहळू लावा आणि खाद्य कोरडं ठेवा, हेही सांगितलं होतं. खाद्य कोरडं ठेवायचं हे इतकं सोपं वाटलं की मी वहीत लिहिलंच नाही.

जिताड्याला उपास धरायला लावतेस का, असं विचारून मावशी खूप हसली. मी तिला समुद्र वाचवण्यावर व्याख्यान दिलं. समुद्रावर, तिला! तरी सवय लागेपर्यंत तिची थोडी मासळी वाटून मी पेंडीत मिसळत होते.

भर पावसात मी महिन्याभराचं खाद्य एकदम करून पडवीत पोती रचली. एका सकाळी मावशीनं पोत्यातली मूठभर पेंड नाकाशी नेली.

"बाय, ही कुबट मारते," ती म्हणाली.

तो लसणाचा वास आहे, औषधी आहे, असं मी म्हटलं. तुला मासळीपलीकडे दुसरा वास कुठे कळतो, असंही म्हटलं. ते आठवलं की आजही कान तापतात.

पुढे जिताडे खाईनासे झाले, मग उलटे तरंगायला लागले. मेलेले मासे टोपलीत भरताना शिबिरातल्या लोकांना काय तोंड दाखवू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. खापर कुणाच्या तरी माथी फोडायला हवं होतं. तशीच चिखलाच्या पायांनी बाजारात गेले. मावशीपुढे गिऱ्हाइकं उभी होती.

"हिची मासळी घेऊ नका, शिळी असते. माझं अख्खं तळं मेलं."

जिच्या तोंडाला सगळा बाजार वचकून असायचा, त्या मावशीनं कापलेला बांगडा मुकाट पुढे केला, तर समोरच्या बाईनं पिशवी मिटून घेतली.

चार दिवसांनी मी पोतं रिकामं केलं. तळाशी हिरव्या बुरशीचे गोळे होते. लसणानं माझ्यापुरता वास झाकला होता, मावशीपुरता नाही. कुणी बघायच्या आत मी ते सगळं खड्डा खणून पुरलं.

चार रात्री झोप लागली नाही, तेव्हा तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"बाजारान बोललीस, त बाजारानच सांग," एवढंच म्हणाली.

हो म्हणून आले आणि गेले नाही. आधी पाऊस, मग गणपती, मग पाहुणे. खरं कारण एकच होतं, चारचौघांत चूक कबूल करायची मला लाज वाटत होती. दुसरीचं नाव घालवताना ती लाज कुठे गेली होती कोण जाणे.

दिवाळी झाल्यावर एकदाची गेले. ओल्या मासळीच्या रांगेत मावशीच्या जागी दुसरीच कुणी बसली होती. मावशी पार टोकाला, सुक्या मासळीत सापडली. पुढ्यात जवळा आणि बोंबील. मी तिथेच उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मावशीची मासळी ताजीच होती, बुरशी माझ्या पेंडीला आली होती, मी खोटं बोलले.

जवळा घेणाऱ्या एका बाईनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं मावशीला विचारलं, ताजी मासळी आता कुठे घेऊन बसता?

मावशीनं तिच्या पिशवीत जवळा ओतला.

"न्हाय बसत आता," ती म्हणाली. "माजी मासली लोक आधी हुंगून बगतान."