भावाच्या खोलीचा रंग

धाकटा भाऊ नऊ वर्षांनी येरवड्याहून सुटणार असं कळलं, तेव्हा आईने आधी ठरवलं ते खोलीला रंग द्यायचं. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी आतली त्याची. एका भांडणात त्याच्या हातून माणूस मेला होता. तो आत असतानाच वडील गेले. घरात आई आणि मी, दोघीच.

रंगाऱ्याने भिंतीवर वर्तमानपत्राएवढे दोन रंग मारून दाखवले, एक फिकट निळा, एक बदामी. खोलीत उजेड कमी, म्हणून मला बदामी बरा वाटला. आई निळ्यावर अडून बसली. "लहानपणी त्याला निळाच सदरा लागायचा," ती म्हणाली. चार दिवस आम्ही यावरून वाद घातला. तो येणार म्हणजे नेमकं काय होणार, यावर मात्र एक शब्द बोललो नाही. शेवटी ठरलं, त्यालाच विचारायचं.

तो आला. जेवला. आईने त्याला भिंतीपुढे उभं केलं. "सांग, कुठला देऊ?"

त्याने एका रंगाला बोट लावून पाहिलं. "कुठलाही."

"असं कसं? खोली तुझी आहे."

तो माझ्याकडे वळला. "ताई, तूच सांग ना."

आठवडाभर हेच चाललं. एका सकाळी आई चिडली. "एवढं साधं सांगता येत नाही तुला?"

"नाही येत," तो शांतपणे म्हणाला. "नऊ वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही, आई. पण निळा नको. बराकीला कमरेपर्यंत हाच होता."

इतकी वर्षं आम्ही भेटीला जायचो, जाळीपलीकडे तो उभा असायचा. तो कसल्या भिंतींत राहतो, हे दोघींपैकी एकीनेही विचारलं नव्हतं.

रंगाऱ्याला त्याने येऊ दिलं नाही. दोन दिवसांत सगळी खोली त्यानेच बदामी रंगवली, फरशीवर एक थेंब न सांडता.

"किती सफाईने केलंस रे, कुठे शिकलास?" मी विचारलं, आणि विचारताच जीभ चावली.

तो त्या खोलीत सहा महिने राहिला. काम कुणी देईना. ओळखीचे लोक त्याला बघून रस्ता ओलांडायचे. मग चाकणकडे एका गोदामावर राखणदाराचं काम मिळालं, राहायची सोय तिथेच. आई दारातूनच म्हणाली, "येत जा."

दिवाळीला तो येतो. बाहेरच्या खोलीत बसतो, फराळ करतो आणि दुपारच्या एसटीने परत जातो.