उजव्या कानाची हळद

पौषातला पहिला रविवार, सकाळी आठ. हजर: मी, नवरा, सासूबाई आणि सिरसाळ्याहून आलेली धाकटी नणंद. शिवाय तिने टेम्पोतून आणलेल्या दोन शेळ्या आणि एक कोवळा बोकड.

हे पान अजून माझ्या वहीत आहे. चौसाळ्यातल्या आमच्या घरामागची जागा मी दीड महिना तयार करत होते. कण्हेर मुळासकट काढली, शेळ्यांना ती विषारी. गोठ्यात मुरूम दाबला आणि उतार बागेकडे काढला, म्हणजे मूत सरळ खताच्या हौदात उतरेल. हौदात एक थर बागेतला पालापाचोळा, एक थर लेंड्या, वर मूठमूठ माती. बोकडाला फळ्या ठोकून वेगळा कप्पा केला; तो शेळ्यांत राहिला की दुधाला वास लागतो. नणंदच म्हणाली होती, "बोकड पैदाशीला ठेवा, वहिनी. दोन वर्षांत दावण भरंल." सगळी आखणी त्या एका बोकडावर होती.

उतरवताना त्याच्या उजव्या कानाला चीर दिसली.

"काट्यानं फाटला असंल," नणंद म्हणाली.

मी लिहून घेतलं: उजवा कान, हळद-तेल, दोन वेळा. लगेच लावायलाही बसले. ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "पोटच्या लेकरांना बी एवढी हळद लावली न्हाई हिनं." सगळे हसले. मीही हसले.

चैत्रात खत काळंभोर झालं. बोकड अंगाने भरला, कान बरा झाला, चीर मात्र राहिली. तेव्हा नणंद आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "गुरुवारी बोकड न्यायचा हाय."

"कावून?"

"कंदुरी हाय, बोकड कापून जेवण घालायचं. लेकीचं अंबाजोगाईला ऑपरेशन झालं, तवाच दर्ग्याला बोकड बोलले होते. कान तवाच चिरला. नवसाची खूण असती ती."

"मग माझ्याकडं का आणलात?"

"तुमच्या हाताखाली जनावर लई लवकर अंग धरतं, वहिनी."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बशीत चहा ओतत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सांगितलं असतं तर ठेवून घेतला असतास का?"

ठेवून घेतला असता. भाचीसाठी मीही दवाखान्यात आठ दिवस काढले होते. वहीत 'नवसाचा बोकड' असं लिहिलं असतं, फळ्या ठोकल्या नसत्या आणि त्याला हाका मारायची सवय लावली नसती. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "देवाचं जनावर हाय. सांभाळलंस, पुण्यच लागलं." म्हणजे त्या रविवारी हजर असलेल्या आम्हा चौघांपैकी मला एकटीलाच माहीत नव्हतं, आणि हळद लावताना ते कशाला हसले ते मला चैत्रात कळलं.

गुरुवारी दावं नवऱ्याने सोडलं. मी हौदातलं खत पालटत होते, मागे वळले नाही. जेवायला गेले नाही. संध्याकाळी डबा आला, तो सासूबाईंनी उघडला.

शेळ्या आहेत, खत वांग्यांना घातलं. वहीत दर रविवारी पहिली ओळ तीच उतरवते: बोकडाचा कप्पा मोडणे, फळ्या हौदाला लावणे. हातोडी कप्प्याच्याच खिळ्याला टांगलेली आहे.