म्हसोबाचा अळणी नैवेद्य

त्या वर्षी माझं देवाशी बोलणं बंद होतं. दिवा लावायचे, पण गाल फुगवून. ह्यांनी तीस वर्षं भिंगारच्या एका कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर एकच हट्ट धरला, स्वतःच्या हाताने पिकवू अशी जमीन हवी. अकोले तालुक्यात भाऊबंदांत अडकलेलं भाताचं एक वावर, तेवढ्यावर हे कागदोपत्री शेतकरी! हृदयाचं ऑपरेशन झालं, तर शुद्धीवर येऊन पहिला प्रश्न काय, "एजंटाचा फोन आला का?" कप्पाळ माझं! तीन व्यवहार मोडले होते. चौथाही मोडला तर हा माणूस खचणार, हे मला दिसत होतं.

चौथी जमीन राहात्याजवळची. काळीभोर, बांधावर कडुनिंब, त्याखाली शेंदूर लावलेला म्हसोबा. ह्यांनी सातबारा इतका बारकाईने तपासला की एजंटानेच हात जोडले. कागद चोख होता. विसार द्यायच्या सकाळी मी म्हटलं, आधी त्या म्हसोबाला दहीभात दाखवायचा. रानाच्या धन्याला विचारल्याशिवाय रान घेऊ नये, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. एजंट कुरकुरला, हे चिडले. मी ऐकलं नाही.

नैवेद्य ठेवला, डोळे मिटले. म्हटलं, बाबा रे, मी थकले, आता तूच बघ. डोळे उघडले तर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी समोर उभी.

"कुनाच्या गं तुमी? आमच्या म्हसोबाला निवद?"

"हे रान घेतोय आम्ही, आजी."

"अगं बया! माझं रान मी कवा इकलं?"

एजंटाने दाखवलेलं रान आजींचं होतं. कागदावरच्या गट नंबरची जमीन ओढ्यापलीकडे, नुसता मुरूम. एजंट "फोन आलाय" म्हणत मोटारसायकलवर बसला तो गेलाच. जन्मभर कागद वाचणाऱ्या माझ्या नवऱ्याने शेजारच्या बांधावर साधी चौकशी केली नव्हती. ते मटकन खाली बसले. मला रडू फुटलं.

आजींनी भारा टाकला, ह्यांना पाणी पाजलं आणि नैवेद्याचा भात आमच्या हातावर ठेवला. स्वतः एक घास घेतला नि हसायलाच लागल्या. "मीठच न्हाई की गं!" नैवेद्य चाखायचा नसतो, आणि गडबडीत मी मीठ विसरले होते. रडता रडता मीही हसले.

मग काही काम नसताना आम्ही आजींकडे जात राहिलो. लेकी सासरी, गुडघे दुखरे, एकट्याच असायच्या. एक दिवस आपणहून म्हणाल्या, "लिंबाकडचा एकर तुमी घ्या. पर म्हसोबाचा निवद चुकायचा न्हाई." ह्यांनी सवयीने भाव पाडायला सुरुवात केली, तशा म्हणाल्या, "दर देवाम्होरं सांगितलाय, दादा. खाली न्हाई अन् वर बी न्हाई." ह्यांनी हातच जोडले! या खेपेला मात्र मोजणी करून घेतली, चारी बांधांवर विचारलं.

तो योगायोग होता म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. इतकी वर्षं मी देवाला फक्त सांगत होते, कसं कर, कधी कर. सांगणं सोडलं त्या दिवशी त्याने आमची बुडती पुंजी वाचवली, आणि वर एक आई दिली. हे आता कांद्याला पाणी देताना शीळ घालतात. ह्यांना शीळ येते, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

दर अमावास्येला मी दहीभात घेऊन जाते. आजी कडुनिंबाखाली वाट बघत बसलेल्या असतात, पदराच्या गाठीत मिठाची पुडी बांधून.