कड्यावरची गाठ

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्यांना सगळे 'तीनदा' म्हणत. नट आवळला की एकदा बघायचा, हात पुसून दुसऱ्यांदा बघायचा, आणि काम संपवून खाली उतरल्यावर पुन्हा वर चढून तिसऱ्यांदा. बरोबरचे वैतागत. "अहो, लग्न लावताय का त्या नटाचं?" असं कोणी म्हणालं की ते नुसतं हसत आणि तिसऱ्यांदा वर चढतच. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाताखालून गेलेली एकही लिफ्ट घसरली नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात नेमकं तेच सांगितलं. टाळ्या पडल्या, तीनदांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, माणूस लाजाळू आहे.

लिफ्टच्या आधी सहा वर्षं ते सिनेमात दोरवाले होते, हे त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. हाणामारीच्या, उड्या मारण्याच्या दृश्यांसाठी दोर, कप्प्या, पट्टे बांधून द्यायचं ते काम. बायकोचा धाकटा भाऊ त्याच धंद्यात होता. नायकाचे कपडे घालून तो नायकाच्या जागी उड्या मारायचा. मेहुणा-भावोजींची जोडी बघून लोक त्यांना एकत्रच काम द्यायचे. "गाठ भावोजींची असेल तर मी डोळे मिटून उडी मारतो," असं मेहुणा चारचौघांत सांगायचा, आणि तीनदांना ते ऐकून आतून बरं वाटायचं.

'सातव्या कड्यापलीकडे' हा त्यांचा शेवटचा सिनेमा. दरीवर आडवा बांधलेला दोर, त्याला लोंबकळत नायक हातांवर पलीकडे जातो, असं दृश्य होतं. मेहुण्याच्या कमरेच्या पट्ट्याला तीनदांनी दुसरा दोर लावला होता, टोकाला गाठ मारून बांधलेला हूक पट्ट्यात अडकवून. हात सुटलेच तर या दोराने धरायचं. तो पांढरट दोर चित्रात दिसतो म्हणून दिग्दर्शक सकाळपासून कुरकुरत होता. "दिसू दे," तीनदा म्हणाले होते. "तो निघणार नाही."

मेहुणा निम्म्यावर गेला आणि त्याचा हात सुटला. कमरेच्या दोराने त्याला धरलं नाही. तीसएक फूट खाली, दगडगोट्यांवर तो आपटला. मग जी धावाधाव झाली तिच्यात कुणीतरी तोच दोर ओढून घेतला, त्यानेच मेहुण्याला फळीवर बांधून वर आणलं. गाठ कशी होती, हूक कसा होता, हे बघायला संध्याकाळी काही उरलंच नव्हतं. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. दवाखान्यात सगळ्यांनी विचारलं, काय झालं? मेहुण्याने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "गाठ सुटली."

तीनदांनी एक शब्द उलट केला नाही. करणार काय? आपण गाठ नीट मारली होती असं त्यांना आठवत होतं, पण आठवणीवर माणूस किती दिवस उभा राहील? महिन्याभरात त्यांचं त्यांनाच खात्रीने सांगता येईना. ते काम सोडून लिफ्टकडे आले. मेहुण्याचा पाय आखूड राहिला, त्याने किल्ल्या बनवायचं दुकान टाकलं आणि बहिणीच्या घरची पायरी चढायचं बंद केलं. ती वर्षातून दोनदा त्याला बाहेरच भेटून यायची. परत आली की डोळे लाल असायचे.

नवऱ्याला मात्र तिने कधी काही विचारलं नाही. हेच तीनदांना सलत राहिलं. भांडली असती, दोष दिला असता, तर ते परवडलं असतं. आठ वर्षांपूर्वी ती गेली, त्याच्या दोन दिवस आधी उशाशी बसलेल्या नवऱ्याला म्हणाली होती, "तुम्हाला एक सांगायचं होतं." ते वाकले. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "जाऊ दे."

सिनेमा तर कधीच विसरला गेला होता. अपघातानंतर चित्रीकरण थांबलं, होतं नव्हतं ते जोडून कसाबसा लावला, आणि पाच दिवसांत उतरला. तीनदांनी तो पाहिला नव्हता. पुढे कळलं, की गोदामात पाणी शिरून त्याची सगळी रिळं गेली. आता तो पृथ्वीवर कुठेच नाही, असं समजून ते चालले होते.

गेल्या वर्षी एका रविवारी जेवताना सून म्हणाली, "बाबा, 'सातव्या कड्यापलीकडे' नावाचा सिनेमा ऐकलाय कधी?"

सुनेचा धंदा जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा. एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत तिची यंत्रं होती. लोक लग्नाच्या, वाढदिवसाच्या कॅसेटी आणून देत. कॅसेट भाड्याने देणाऱ्या एका म्हाताऱ्याने दुकान आवरताना दोन पोती कॅसेट तिच्याकडे टाकल्या होत्या, त्यात ही निघाली.

"कुठे काही माहितीच नाही हो त्याची," ती सांगत होती. "आणि वेष्टनावर काय चित्र आहे, दरीवर माणूस लोंबकळतोय..."

तीनदांच्या हातातला घास ताटात पडला. "चालते का ती?"

"बघितली नाही अजून. बुरशी आहे. एकदा चालेल, दुसऱ्यांदाचं सांगता येत नाही."

"मी नसताना लावू नकोस," ते म्हणाले. मुलगा आणि सून दोघंही बघत राहिले, कारण ते कधी असं कुणाला काही सांगत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून स्टुडिओवर पोचली तेव्हा ते आधीच दाराशी उभे होते. तिने कॅसेट उघडून टेपवरची पांढरी बुरशी कापसाने पुसली, हाताने चाकं फिरवत, एकेक वीत पुढे सरकवत. त्यात दीड तास गेला. मग पडदा उजळला. कॉम्प्युटरवर नक्कल उतरत होती आणि ती उतरता उतरताच दिसत होती. नायक घोड्यावरून आला, नकाशा सापडला, खलनायक हसला.

"मिशी बघा त्याची, एका बाजूने सुटलीय," सून म्हणाली.

तीनदा हसले नाहीत. स्टुलावर कडेला बसून त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते. सुनेला काही कळेना. तिला इतकंच माहीत होतं, की नवऱ्याचे मामा सिनेमात पडले होते आणि त्यांचं या घराशी बोलणं नाही.

तासाभराने पडद्यावर दरी आली. वारा, आडवा दोर, आणि पुढे रडणारी नायिका. तेवढ्यात यंत्र कण्हलं. चित्र वाकडं झालं, गेलं. सुनेने झटकन बटण दाबलं, झाकण उघडलं. टेप आतल्या चाकात गुंडाळली जाऊन चुरगळली होती. तिने चिमट्याने ती हळूहळू सोडवली. वीतभर टेपला चुण्या पडल्या होत्या, एक कड फाटली होती.

"एवढा तुकडा कापून जोडते," ती म्हणाली. "सात-आठ सेकंद जातील. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तिने कात्री उचलली आणि तीनदांनी तिचं मनगट धरलं.

"कापू नकोस."

"बाबा, हा भाग यंत्रात पुन्हा अडकला तर पुढची सगळी टेप जाईल."

"जाऊ दे पुढची. त्या तुकड्यात मी मारलेली गाठ आहे."

मग त्यांनी सांगितलं. लांबण न लावता, खालमानेने, जेवढं झालं तेवढं. सून ऐकत होती. कात्री तिने खाली ठेवली.

"आणि गाठ सुटतानाच दिसली तर?"

"तर दिसली. पण आता न बघता मी घरी जाऊ शकत नाही."

तिने काचेवर टेप पसरली, वर मऊ कापड ठेवलं आणि बोटाने एकेक चुणी बसवायला लागली. खोलीत पंखाही बंद होता, टेप हलू नये म्हणून. तीनदांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. फाटलेल्या कडेला तिने मागून केसाएवढी पट्टी लावली, टेप यंत्रात घातली, नक्कल पुन्हा सुरू केली आणि बटणावर बोट ठेवून थांबली.

"लाव," ते म्हणाले.

पडद्यावर आधी नुसत्या पांढऱ्या रेघा. मग रडणारी नायिका. तिच्यामागे, कड्याच्या टोकाशी, नायकाच्या कपड्यांतला पाठमोरा माणूस. चित्रीकरण अर्धवट राहिल्यामुळे जोडणाऱ्याने हाताला लागलेला प्रत्येक तुकडा वापरला होता, त्यातलाच हा एक, दृश्य सुरू होण्याआधीचा. पाठमोऱ्या माणसाने मान वळवून बाजूला कुणाकडे तरी पाहिलं. मान हलवली. मग त्याचा उजवा हात मागे, कमरेशी आला. बोटांनी काहीतरी दाबलं. एक पांढरट रेघ त्याच्या कमरेपासून सुटून पायाशी पडली. त्याने ती पायाने बाजूला सारली.

पुन्हा रेघा. यंत्र कण्हलं, पण थांबलं नाही. चित्र परत आलं तेव्हा तो दोराच्या मध्यावर होता, आणि मग नव्हता.

सुनेने यंत्र बंद केलं. "बाबा, त्यांनी स्वतःच हूक काढला."

"परत दाखव."

कॉम्प्युटरवरची नक्कल तिने परत लावली. परत, आणि परत. अकरा वेळा त्यांनी तो हात मागे येताना पाहिला. सुनेला वाटलं आता ते रडतील, निदान सुटल्यासारखा श्वास तरी टाकतील. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. "एकतीस वर्षं," एवढंच म्हणाले. "चल, त्याच्याकडे."

"मी येते, पण आज नको. आधी घरी चला, चार घास खा."

"आजच."

मेहुण्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोबण होती. तो किल्ली घासत होता. दारात भावोजींना पाहून त्याचा हात थांबला, यंत्र तसंच करकरत राहिलं. तीनदा बाजूला सरकले. सुनेने लॅपटॉप गल्ल्यावर ठेवला आणि ते सात-आठ सेकंद लावले. मेहुण्याने पाहिलं. मग यंत्राचं बटण बंद केलं. एकदम इतकं शांत झालं, की जिन्यावरून जाणाऱ्यांच्या चपला ऐकू यायला लागल्या.

"हे कुठे मिळालं?" त्याने विचारलं.

"तू बोल आधी."

"दिग्दर्शक म्हणाला, दोर दिसतोय, अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे, काढ." हातातली किल्ली त्याने गल्ल्यावर ठेवली. "तुम्ही काढू दिला नसता, म्हणून तुमची पाठ वळल्यावर काढला."

"आणि दवाखान्यात?"

"चोवीस वर्षांचा होतो, भावोजी. पाय गेला होता. स्वतःच्या हाताने केलं हे तोंडातून निघेना. म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. तोवर तुम्ही काम सोडलं होतं. मग दर वर्षी ते जास्तच अवघड होत गेलं."

तीनदांनी गल्ल्याची कड इतकी घट्ट धरली होती, की सून त्यांच्या जवळ सरकली.

"तुझी ताई मला संशयाने बघत गेली," ते म्हणाले. "शेवटपर्यंत. याचं काय करायचं?"

मेहुण्याने मान वर केली. "संशय कसला? तिला मी दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं. तुम्हाला सांगणार नाही अशी शपथ घातली होती. दर भेटीत ती म्हणायची, मला मोकळं कर. मी केलं नाही."

तीनदा खाली बसले, तिथेच, पायरीवर. तिने का विचारलं नाही, ते आता कळलं. तिला विचारायचं काही नव्हतंच. तिला सगळं माहीत होतं आणि ते घेऊन ती एकाच घरात, त्यांच्या ताटाशेजारी बसत राहिली. त्यांना तिचा राग आला, तिची कीव आली, आणि आता यातलं काहीच तिला सांगता येणार नव्हतं. सुनेने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

बऱ्याच वेळाने ते उठले. "घरी येऊन माझ्या मुलाला सांग," मेहुण्याला म्हणाले. "जसं मला सांगितलंस तसंच."

पुढच्या रविवारी तो आला. बसा म्हटलं तरी बसला नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं आणि गेला. मुलाने रागाने दार लावून घेतलं. तीनदांनी त्याला रागावू दिलं.

त्यानंतर चार महिने मेहुणा-भावोजींचं काही बोलणं झालं नाही. सुनेने उरलेली टेपही उतरवली, ती सुदैवाने तुटली नाही. तिने सिनेमाच्या दोन डिस्क करून सासऱ्यांच्या हातात दिल्या. त्यांनी एक कपाटात ठेवली आणि दुसरी, कुणाला न विचारता, मेहुण्याला पाठवून दिली. सोबत चिठ्ठीही नव्हती.

आठवड्याने फोन आला. "भावोजी, शेवट पाहिलात?"

"नाही." त्या दृश्यापुढचा सिनेमा त्यांनी खरंच पाहिला नव्हता.

"मीही नाही. एकट्याने लावायचा धीर होत नाही."

तीनदांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "शनिवारी सकाळी येतो."

गेले. मेहुण्याच्या खोलीत दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या, मध्ये हातभर अंतर. सिनेमा वाईटच होता. दरीनंतर नायक अचानक पलीकडे पोचलेला होता, कसा ते कुणी सांगत नव्हतं. खजिन्याच्या गुहेची भिंत वाऱ्याने हलत होती. "पुठ्ठा," मेहुणा म्हणाला. "तोही ओला," तीनदा म्हणाले. एवढंच बोलणं झालं.

थोड्या वेळाने मेहुणा पाणी आणायला उठला. आखूड पायाने भिंतीचा आधार घेत आतल्या खोलीत गेला. त्याला वेळ लागत होता. तीनदांनी रिमोट उचलला, सिनेमा थांबवला, आणि तो परत येऊन खुर्चीत नीट बसेपर्यंत सुरू केला नाही.