थांब्यामागची सावली

चोपडा रस्त्यावर माझ्या मुलीच्या गावाला नवा एसटी थांबा बांधलाय, आणि त्याचं तोंड केलंय पश्चिमेला! दुपारभर बाकावर ऊन बसतं आणि सावली पडते पाठीमागे, गटाराकाठी. तरुणपणी सूर्यास्त दिसावा म्हणून मीही स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी पाडून घेतली होती. उन्हाळाभर भाकरी आणि मी जोडीनं भाजलो. पण मी माझंच थोबाड भाजून घेतलं, अख्ख्या गावाचं नाही.

आम्ही सगळे मागे सावलीत उभे राहतो. रस्त्यावरून कुणी दिसलं नाही, की गाडी न थांबता निघून जाते. म्हणून एक बाई रोज आपणहून पुढे उन्हात उभी राहते. केळीच्या बागेतून कामावरून आलेली असते, डोक्यावर पदर, कपाळावर आडवा हात. गाडी दिसली, की थांब्याच्या पत्र्यावर थाप मारते आणि आम्ही धावत सुटतो.

काल कंडक्टर तिच्यावरच खेकसला, "बाकीच्यांना पुढे उभं राहायला काय होतं?"

"भाऊ, तू खाले उतर नि माले दखाड, पुढे सावली कोठे शे?"

तो उतरला नाही.

सगळ्यांना चढवून ती शेवटी चढली, तोवर सावलीकडच्या जागा आम्ही बळकावल्या होत्या. ती उन्हाच्या बाजूला बसली. माझं डोकं तापलं. शेजारच्या धडधाकट गड्याला मी कोपरानं ढोसलं. "नाना, उठा, तिला बसू द्या. आणि उद्या उन्हात उभं राहायची पाळी तुमची, परवा माझी."

नाना खिडकीबाहेर बघू लागले. मी आणखी जोरात ढोसलं.