मागच्या चाकाचा दगड

आठवणी जपाव्या लागतात. किस्से मात्र रिकाम्या डब्यांसारखे आपोआप साठतात, आणि टाकायला काढले की प्रत्येक डबा कामाचा वाटू लागतो! अकोल्याच्या आमच्या मुलींच्या शाळेतल्या आम्ही दोघी-तिघी म्हाताऱ्या मास्तरणी कुठं लग्नाकार्यात भेटलो, की निकालाची गोष्ट निघत नाही, बक्षिसांची निघत नाही. पहिला चहा संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "बाईंची गाडी आठवते का गं?" मग तिकडे मंगलाष्टकं संपली तरी आम्हाला पत्ता नसतो.

बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई. त्या काळात, पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत, मोटार चालवणारी बाई बघायला लोक दुकानातून बाहेर येत. बाईंना गाडीची हौस मुळीच नव्हती. पण पातूरकडच्या खेड्यांतले बाप म्हणायचे, "पोरीले एकटी बसनं नाही धाडत जी." बाई म्हणाल्या, "मग मी न्यायला येते." आणि बदली झालेल्या एका साहेबाची जुनी गाडी त्यांनी घेऊनच टाकली. आमचं वसतिगृह भरलं ते त्या गाडीनं.

साहेबानं किल्ली देताना एवढंच सांगितलं होतं, "ब्रेक जरा सॉफ्ट आहे." सॉफ्ट म्हणजे काय, ते शाळेच्या फाटकाला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं!

*

बसस्टँडमागच्या गॅरेजातले हमीदभाई गाडी बघायला शाळेत आले. त्यांनी आत बसून ब्रेकवर पाय दिला. मग पुन्हा दिला. मग पुन्हा.

"बाईसाब, पहिल्या लातेत काहीच नाही. दुसऱ्या लातेत थोडं थोडं. तिसऱ्या लातेत ब्रेक. पाइपात हवा शिरली हाये."

ही हवा काढायची म्हणजे एकानं गाडीखाली झोपून नट सैल करायचा आणि दुसऱ्यानं वर बसून, सांगेल तेव्हा ब्रेक दाबायचा, सांगेल तेव्हा सोडायचा. हमीदभाईंचा माणूस त्या दिवशी आला नव्हता. बाईंनी पदर खोचला आणि स्वतः बसल्या. खालून हुकूम सुटू लागले, "दबाओ! पकडो! छोडो!"

इन्स्पेक्टरचंही न ऐकणाऱ्या आमच्या बाई निमूटपणे दाबत होत्या, सोडत होत्या! अख्खी शाळा खिडक्यांना लटकली. मध्येच बाईंचं तिकडे लक्ष गेलं. "आत व्हा गं!" म्हणून त्या ओरडल्या, आणि नको तेव्हा पाय उचलला गेला. सगळी हवा परत आत.

गाडीखालून आवाज आला, "बाईसाब, मैं छोडो बोलूं तबीच छोडनेका! पोरींले मंग रागवा!"

बाई हळूच म्हणाल्या, "बरं."

पुढचा महिनाभर शाळेत कुणी कुणाची वेणी धरली की एकच आरोळी ऐकू यायची, "मैं छोडो बोलूं तबीच छोडनेका!" बाई तोंड फिरवून हसायच्या, ते मी पाहिलं आहे.

*

एकदा पातूरहून परत निघताना ब्रेक पार तळाला गेला. खाली ब्रेकच्या तेलाचं थारोळं. जवळपास ना गॅरेज, ना तेल. आमच्या चित्रकलेच्या सुमनबाई पुण्याहून नव्यानं आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता आपण इथंच राहायचं का?"

बाईंनी गाडीत ठेवलेली वसतिगृहाची औषधांची पेटी उघडली. आयोडीन, कापूस, आणि मुलींसाठी ठेवलेली एरंडेलाची बाटली. बाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि सगळी ब्रेकच्या डब्यात ओतली! आणि काय सांगू, तीन लाता मारल्या की गाडी थांबत होती. बैलगाडीच्या चालीनं का होईना, आम्ही अकोल्याला सुखरूप पोचलो.

दुसऱ्या दिवशी हमीदभाईंनी झाकण काढून वास घेतला आणि झाकण हातात धरूनच ते बाईंकडे वळले.

"बाईसाब, एरंडेल तं अटकलेल्याले देतेत. ही तं पहिलेच थांबत नवती!"

*

हँडब्रेकची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे दाते झिजलेले, तार ढिली पडलेली. दांडा ओढला की वर यायचा, सोडला की पुन्हा निजायचा. म्हणून बाईंनी नियम केला, की या गाडीत रिकामं कुणी बसायचं नाही. पुढं बसेल तिनं दांडा धरून ठेवायचा. मागं डावीकडे बसेल तिनं गाडी थांबली रे थांबली की उतरून मागच्या चाकाला दगड लावायचा.

दगड आमचा ठरलेला होता. काळा, तिकोनी, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा सुमनबाई फणकारल्या, "अहो, मी चित्रकला शिकवते!"

"छान," बाई म्हणाल्या. "म्हणजे तिरका किती लावायचा ते तुम्हाला बरोबर कळेल."

पण दगड लावावा तो गोदीनंच. पातूरजवळच्या एका गावच्या पाटलांची ही मुलगी, आमच्या गाडीतून आलेली अगदी पहिली. वसतिगृहात यायला निघाली त्या दिवशी रडली नाही, काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "दगड मी लावू का?" तेव्हापासून ती गाडीत असली की दुसऱ्या कुणाला दगडाला हात लावू द्यायची नाही. गणितात हुशार. बाई म्हणायच्या, "ही पोरगी मॅट्रिक होणार, पुढंही शिकणार." बाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या तोंडून असं वाक्य दुसऱ्या कुणाबद्दल मी ऐकलं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी गाडी विकली, तेव्हा घेणाऱ्याला बाईंनी सगळं दिलं, दगड दिला नाही. तो त्यांच्या घराच्या दाराला असायचा, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. बाई गेल्या त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. तेव्हाही दार त्या दगडानं उघडं ठेवलेलं होतं.

*

आता अध्यक्षसाहेब. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, पेशानं वकील, अंगानं भरदार. अमरावतीला शिक्षणसंस्थांची सभा होती, आणि ते आमच्या गाडीतून निघाले. पुढं बसले म्हणजे दांडा त्यांच्याकडे आला. बाईंनी बजावलं, "मी ओढा म्हटलं की ओढा. एरवी नुसता धरून ठेवा."

मूर्तिजापूरच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलं, आणि ते नेमकं खाली येत होतं. बाईंनी पहिली लात मारली. दुसरी मारली. तिसरीबरोबर ओरडल्या, "ओढा!" अध्यक्षसाहेबांनी सगळी वकिली पणाला लावून दांडा ओढला. तार तुटली, खालची खीळ तुटली, आणि अख्खा दांडा त्यांच्या हातात आला! गाडी फाटकाला नाक लावून उभी राहिली.

फाटकवाल्यानं शांतपणे विडी विझवली आणि म्हणाला, "बाई, फाटक सरकारी हाये जी!"

अध्यक्षसाहेबांची मूठ काही सुटेना. दांडा हातात धरूनच ते अमरावतीला सभागृहात शिरले. व्यासपीठावर बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यांनी तो समोर टेबलावर ठेवला. त्या दिवशी सभा फार शिस्तीत झाली!

परतताना मात्र ते निक्षून म्हणाले, "बाई, ही गाडी विका. उद्याच्या उद्या विका."

बाई समोर रस्त्याकडे बघत होत्या. "विकू," त्या म्हणाल्या. "पण आधी गोदीला आणू द्या."

कारण दिवाळीची सुटी संपली होती, सगळ्या मुली परतल्या होत्या, आणि गोदी आली नव्हती. पातूरच्या बाजारातून निरोप आला होता, की पाटलांनी तिची सोयरीक जुळवली.

*

हमीदभाईंनी दांडा जोडला, नवी तार घातली आणि सांगितलं, "बाईसाब, आता पकडते. पर उतारावर भरोसा नोका करू." बाई आणि मी निघालो. पाटलांचं घर गावाच्या वरच्या अंगाला, आणि दारासमोरचा रस्ता थेट खाली खळ्यापर्यंत उतरत गेलेला. खळ्यात वेचलेल्या कापसाचा हा मोठा ढीग. बाईंनी चढावर गाडी उभी केली, मी उतरून मागच्या चाकाला दगड लावला. नीट लावला. पायानं ठोकून पाहिला.

ओसरीवर पाटील होते, आणि टोपी मांडीवर ठेवून आणखी एक गृहस्थ बसले होते. ते मुलाचे वडील. गोदी कुठं दिसली नाही.

चहा आला. बाईंनी गोदीच्या गणिताच्या मार्कांची गोष्ट काढली. पाटील अदबीनं म्हणाले, "चा घ्या बाई." बाईंनी मॅट्रिकची गोष्ट काढली. पाटील म्हणाले, "घ्या न जी, थंडा होऊन राहिला." शेवटी बाई म्हणाल्या, "पाटील, दोन वर्षं थांबा. एवढंच मागते."

"बाई, तुमचं म्हननं खोटं नाही," पाटील म्हणाले. "पन जबान देल्ली. आता थांबत नाही थे."

बाई उठल्या. मी त्यांना इतकं थकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, "गाडी चालली! अबे, गाडी चालली!"

आम्ही ओसरीच्या कडेला धावलो. गाडी निघाली होती. आवाज नाही, धूर नाही, स्टीअरिंगवर कुणी नाही. मागं मागं, आपली सावकाश, उतारावरून खाली. कोंबड्या बाजूला झाल्या. एक म्हातारी भिंतीला चिकटून उभी राहिली. गाडी खळ्यात शिरली आणि कापसाच्या ढिगात अर्धी घुसून थांबली.

सगळे धावले. पाटील सर्वांच्या पुढं. त्यांनी कापूस दोन्ही हातांनी ओढून काढला आणि मागचं दार उघडलं.

मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, गोदी बसली होती. पाठीला दप्तर. आणि मांडीवर, पोत्याच्या तुकड्यात नीट गुंडाळलेला, आमचा दगड.

पाटलांना धाप लागली होती. "काहून व पोट्टे? दगड काहून काहाडला?"

गोदीनं बापाकडे पाहिलं नाही. ती मला म्हणाली, "बाई, तुमी पुढं बसा. मागचं मी पायतो."

मुलाचे वडील उतारावरून आता कुठं खाली पोचले होते. त्यांनी ढिगातली गाडी पाहिली. वरपासून खालपर्यंत सगळा रस्ता पाहिला. मग दगड पाहिला, आणि गोदीला पाहिलं. टोपी झटकून डोक्यावर घातली.

"पाटील," ते म्हणाले, "आमचं घरई उतारावरच हाये जी."

आणि ते रस्त्याला लागले. पाटील त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग बाईंकडे वळले. मग वर घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली,

"इची पेटी आना व!"