मुदतीच्या रेघा

आमच्याकडं टायफॉइडला कुणी टायफॉइड म्हणत नसे. मुदतीचा ताप म्हणत. सात, चौदा नाहीतर एकवीस दिवसांची मुदत घेऊन तो येतो आणि मुदत भरली की जातो, हे निपाणीच्या आसपास सगळ्यांना पाठ होतं. सत्तरच्या दशकात तो माझ्या थोरल्या बहिणीला आला. आक्का तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. आईनं तिला पेजेवर ठेवलं आणि माझ्या हातात कोळसा दिला. मी सातवीत, स्वतःला लई शहाणी समजणारी. चुलीजवळच्या भिंतीवर रोज एक रेघ ओढायचं काम मी तोऱ्यात करायचे. आक्का वाळत चालली होती आणि मी रेघा मोजत होते. आजही त्याची लाज वाटते.

अकराव्या दिवशी सरकारी दवाखान्यातली नर्सबाई लहान पोरांना डोस पाजायला गावात आली. बाई कानडी, मराठी तोडकंमोडकं. भिंतीकडं बघून तिनं विचारलं, "हे काय?"

"मुदत मोजतोय, बाई. धा दिस ऱ्हायलं," आई म्हणाली.

बाईनं आक्काच्या कपाळाला हात लावला आणि आल्या पावली तिला बसमधनं निपाणीला नेलं. रक्त तपासलं, गोळ्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला. आईनं उरलेल्या गोळ्या कोनाड्यात ठेवून दिल्या, पुढं कुणाला तरी होतील म्हणून. बघायला आलेल्या बाईच्या नजरेतनं त्या सुटल्या नाहीत.

"तापाला मुदत न्हाय," ती म्हणाली. "मुदत गोळीला. सगळी संपवायची."

मग तिनं पाण्याची घागर बघितली. आमचं पाणी ओढ्याकाठच्या आडाचं, आणि त्याच ओढ्याला वरच्या अंगाला सगळा गाव परसाकडला बसायचा. बाईनं पाणी उकळायला सांगितलं, जेवायच्या आधी आणि परसाकडनं आल्यावर साबणानं हात धुवायला लावलं. उकळलेल्या पाण्याला धुराचा वास येतो म्हणून आमचे वडील, आप्पा, कुरकुरले. "किती दिस उकळायचं हे?"

"त्याला मुदत न्हाय," बाई हसून म्हणाली.

पुढं तिची बदली झाली. तिचं नाव आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. आक्काला आता नातवंडं आहेत. बेळगावात तिच्या घरी नळ आहे, तरी ती पाणी उकळतेच.

आई असेतोवर दर दिवाळीला भिंतीला चुना द्यायची, अकरा रेघा तेवढ्या सोडून. "त्या पुसू ने गं," म्हणायची. "बाई आलती त्याची खूण हाय ती."